पोपट हरला, आमची खोली राहिली

ती. मामा यांना,

तुमच्या भाचीचा वाकून नमस्कार. (वाकून हे शब्दशः खरं धरा. ऑफिसातल्या माझ्या खुर्चीची पाठ मध्यंतरी निखळली, तेव्हापासून मी जे काही करते ते वाकूनच करते.) तुमचा गुडघा कसा आहे? मागे तुम्ही म्हणालात, डावा ऐकतो पण उजवा उलट उत्तरं देतो. आता दोघांमध्ये काही समेट झाला का? मामीचा खोकला गेला असेलच, आणि गेला नसेल तर तिने तो घरात कोणाला कळू दिला नसेल, हेही मी ओळखून आहे. आमच्याकडे सगळं ठीक. ह्यांची तब्येत उत्तम आहे, फक्त मी बोलायला लागले की त्यांना लगेच पाण्याची टाकी भरली का ते बघायला जावं लागतं. धाकटी परीक्षेत पास झाली. कशी झाली ते मीही विचारत नाही आणि तीही सांगत नाही.

पत्राला कारण म्हणाल तर निव्वळ आनंद. तुमची नेहमीची तक्रार असते की ह्या पोरीला रडगाणं गायचं असलं की मामा आठवतो, एरवी नाही. म्हणून आज मुद्दाम नीट कागद घेऊन, पेन चालतंय का ते तीनदा बघून लिहायला बसले आहे. मामा, मी जिंकले! साधंसुधं नाही, दणदणीत जिंकले. ज्यांनी मला खोलीबाहेर काढायचं ठरवलं होतं, त्यांनी शेवटी माझ्यासाठी त्याच खोलीचं दार उघडून धरलं, आणि मी त्यांच्याकडे न बघता आत गेले. (खरं तर बघितलं. न बघता राहवलं नाही.)

आता आमचं काम तुम्हाला पुन्हा एकदा समजावते, कारण तुम्ही दर वेळी कौतुकाने ऐकता आणि पाहुण्यांना मात्र सांगता की भाची टीव्ही दुरुस्त करते. अहो, आम्ही रोजची मालिका एडिट करतो. शूटिंगवाले दिवसभराचे तुकडे आमच्यासमोर आणून ओततात. एकच वाक्य सात तऱ्हांनी म्हटलेलं असतं, एकात दिवा पडलेला असतो, एकात सासू शिंकलेली असते. त्यातला कुठला ठेवायचा, कुठे कापायचा, कोणाचा चेहरा किती वेळ दाखवायचा, हे ठरवून आम्ही ते एकापुढे एक लावतो. आम्ही म्हणजे तिघं: मी, मास्तर आणि कासव. मास्तरांनी आयुष्यात कधी शाळेत शिकवलेलं नाही, पण कोणी चुकीच्या जागी कापलं की असे बघतात की आपण नकळत हात पुढे करतो. कासव माझ्याहून लहान आहे, पण एक कट लावायला इतका वेळ घेतो की तेवढ्यात मालिकेतली सून बाळंत होऊन पोर शाळेत जायला लागेल. मात्र त्याने एकदा लावलेला कट पुन्हा कोणाला हलवावासा वाटत नाही, हेही सांगितलं पाहिजे.

तर झालं असं की, ज्या सॉफ्टवेअरवर आम्ही तिघांनी आपले केस पांढरे केले, त्याच्या कंपनीने एके दिवशी पत्र पाठवून कळवलं की ते आता आम्ही बंद करत आहोत, आजवरच्या साथीबद्दल आभार. संपलं! मास्तर त्या दिवशी डबा न उघडताच घरी घेऊन गेले. आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या मालकांचे मेहुणे, म्हणजे त्यांच्या बायकोचा भाऊ, कुठलंसं प्रदर्शन बघून परत आले. ह्या मेहुण्यांना ऑफिसात कुठलंच पद नाही, त्यामुळे ते सगळ्याच गोष्टीत असतात. ते म्हणाले, आता असं सॉफ्टवेअर आलं आहे जे तुकडे आपण होऊन बघतं, आपण होऊन कापतं आणि वर संगीतही लावतं. मग तीन माणसं, एक खोली आणि दिवसभर चालणारा एसी कशाला हवा? खोलीत मीटिंगसाठी एक लांब टेबल आणि कुंड्या ठेवू, आणि ह्या तिघांना बाहेर पॅसेजमध्ये, झेरॉक्स मशीनशेजारी बसवू. पद काय? तपासनीस! म्हणजे यंत्राने कापायचं आणि आम्ही बरोबरची खूण करायची.

मामा, तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मी थेट मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांना स्पष्ट सांगितलं. (आधी बाहेर उभी राहून पाणी प्यायले, मग गेले.) म्हटलं, साहेब, मला काढायचं असेल तर काढा, पण झेरॉक्स मशीनशेजारी बसून दुसऱ्याच्या कटांवर खुणा करायला मी हात शिकवलेले नाहीत. त्या खोलीत मी अर्धं आयुष्य घालवलं, ती गेली तर मी कोण? मालक मनाने वाईट नाहीत, फक्त जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटतं, आणि त्या दिवशी शेवटी मी बोलले. ठरलं असं: बाजारात जी तीन सॉफ्टवेअर्स आमच्या कामाची आहेत, ती आम्ही तिघांनी वापरून बघायची. मग चॅनलच्या बाई येतील त्या दिवशी त्यांच्यापुढे मालिकेतला एकच प्रसंग तिन्हींवर एडिट करून दाखवायचा. बाईंना जे पसंत पडेल ते घ्यायचं. मेहुण्यांचं निवडलं गेलं तर कुंड्या आत आणि आम्ही पॅसेजमध्ये. उरलेल्या दोनांपैकी एखादं निवडलं गेलं तर खोली आमची.

मेहुण्यांनी लगेच आमच्यासाठी एक प्रश्नावली छापून आणली. पहिला प्रश्न: सॉफ्टवेअर उघडल्यावर तुम्हाला कसं वाटलं? आणि पुढे हसऱ्या, रडक्या आणि मधल्या चेहऱ्याचं चित्र. मास्तरांनी तिन्ही चेहऱ्यांना मिशा काढल्या आणि कागद परत दिला. अहो, नवशिक्याला सोपं वाटतं का, रंग आवडतात का, हे विचारा. आम्हाला ते काय कामाचं? ज्याने हजारो भाग काढलेत त्याच्या काळज्या वेगळ्या असतात. माझा हात कीबोर्डवरून उचलून माउसकडे किती वेळा जातो? शॉटच्या टोकाला धरून तो केसभर पुढे-मागे केला तर शेजारचे शॉट जागेवर राहतात की रांगेत धक्काबुक्की होते? अख्खा भाग उघडला की यंत्राला दम लागतो का? आणि सगळ्यात मोठं, ऐन वेळी ते बंद पडलं तर माझं काम घेऊन पडतं की ठेवून पडतं? हे मी मेहुण्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे मधला चेहरा का?

तिन्ही सॉफ्टवेअर्सची खरी नावं अशी होती की उच्चारताना कासवाचा दात हलायचा, म्हणून आम्ही त्यांना आमची नावं दिली. पहिलं, राणीसाहेब. हिच्यात सगळं होतं. समोर इतकी बटणं, की लिफ्टमध्ये भलत्याच मजल्याचं दाबावं तशी माझी रोज फजिती. पण हिला आमचं एकही यंत्र चालेना. तिच्यासाठी नवीन मागवावं लागलं आणि ते सुरू झालं की असं गरम व्हायचं की मास्तर त्याच्यामागे आपला ओला रुमाल वाळत घालायचे. वर रोज सकाळी ही पासवर्ड मागणार, तो बरोबर दिला की तुम्ही खरंच तुम्हीच आहात ना असं विचारणार, आणि ते पटवून दिलं की स्वतःला अद्ययावत करून घेण्यासाठी निघून जाणार. दुसरा तो मेहुण्यांचा लाडका, पोपट. पोपट उघडला की पडद्यावर फुगे उडायचे आणि तो म्हणायचा, चला, आपला पहिला व्हिडिओ बनवू या! रोज. मास्तरांना! तीन दिवस मास्तरांनी ते निमूटपणे सहन केलं, चौथ्या दिवशी पडद्याकडे बघून म्हणाले, बाळा, तू जन्मला नव्हतास. तिसरं, अबोल. अबोल उघडला की नुसता करडा पडदा. फुगे नाहीत, नमस्कार नाही, काही नाही. मला पहिल्यांदा वाटलं, तो उघडलाच नाही. मी आणखी दोनदा उघडला. मग कळलं की तो तीनदा उघडून आमची वाट बघत गप्प बसला आहे.

आणि मग ती बटणांची भानगड. अबोलचा माणूस आम्हाला शिकवायला आला होता, नम्र आणि घामाघूम. त्याने विचारलं की जुन्यावर तुम्ही कट करायला कुठली बटणं दाबता ते सांगा, म्हणजे फरक समजावता येईल. मामा, आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. कोणालाच सांगता येईना! इतकी वर्षं तीच बटणं दाबतोय, पण ती कुठली हे डोक्याला माहीतच नाही, फक्त बोटांना माहीत आहे. मी डोळे मिटून रिकाम्या टेबलावर हात ठेवले, मनात एक भांडणाचा प्रसंग आणला आणि टेबल वाजवायला लागले. कासवानेही सुरू केलं. मास्तर तर मधूनमधून मान हलवून थांबायचे, मग पुन्हा. तो बिचारा आमच्या बोटांखाली कीबोर्डचं चित्र सरकवून, कुठलं बोट कुठे पडतंय ते वाकून बघत होता. तेवढ्यात मेहुणे दार उघडून आत डोकावले. त्यांना तीन अनुभवी माणसं डोळे मिटून टेबल बडवताना दिसली. त्यांनी हळूच दार लावून घेतलं आणि मालकांना जाऊन सांगितलं की ह्या तिघांच्या मनावर परिणाम झाला आहे, खोली लवकर रिकामी केलेली बरी.

पण अबोल आम्हाला आवडायला लागला ते कासवामुळे. कासव कसली परीक्षा घ्यायची ते कोणाला सांगत नाही. एकदा भर दुपारी आम्ही तिघं तीन यंत्रांवर काम करत असताना तो शांतपणे उठला, भिंतीपाशी गेला आणि तिन्ही प्लग उपटले. मी किंचाळले! (किंकाळी पॅसेजच्या टोकापर्यंत ऐकू गेली. परिणामाच्या बातमीला तेवढाच दुजोरा.) तो म्हणाला, वीज विचारून जात नाही. मग पुन्हा सगळं सुरू केलं. राणीसाहेब आल्या त्या रिकाम्या हाताने, सकाळपासूनचं सगळं काम गेलेलं, आणि वर पासवर्ड मागितलाच. पोपटाने फुगे उडवले, सगळं काम परत दिलं, शिवाय आम्ही न केलेलंही दिलं. खलनायकाच्या मागे त्याने स्वतःच्या मनाने इंद्रधनुष्य लावलं होतं. आणि अबोल? उघडला तो जिथे होता तिथेच. माझी अर्धवट राहिलेली हालचालसुद्धा तशीच, शॉटचं टोक हातात धरलेलं. जसं काही घडलंच नाही. मास्तर कितीतरी दिवसांनी हसले. मी तर पडद्यावर हलकेच थोपटलं, कोणी बघत नाही असं बघून.

बाई आल्या तो दिवस. मी इस्त्रीची साडी नेसले होते. यंत्रं मालकांच्या केबिनमध्ये नेली होती. टेबलाशी मालक, त्यांच्या शेजारी बाई, बाईंच्या पलीकडे मेहुणे. मेहुण्यांनी कुंड्या आधीच मागवून आमच्या खोलीच्या दाराशी ठेवल्या होत्या, म्हणजे बघा! प्रसंग असा: घर सोडून गेलेला मुलगा कित्येक वर्षांनी दारात उभा राहतो. बाप दार उघडतो. मुलगा विचारतो, आत येऊ का? बाप काही बोलत नाही. बघत राहतो, बघतच राहतो. मागे आई मुकाट्याने रडत उभी. मग बाप म्हणतो, ये.

राणीसाहेब पहिल्या. त्या नेमक्या त्याच वेळी स्वतःला अद्ययावत करायला गेल्या आणि शेवटपर्यंत परत आल्या नाहीत, त्यांचा विषय तिथेच संपला. मग मेहुण्यांनी मोठ्या ऐटीत पोपटाचं बटण दाबलं. एकच बटण! बाईंकडे बघून ते बोटही उंच करून दाखवलं. मामा, पोपटाच्या लेखी जिथे कोणी बोलत नाही ती जागा म्हणजे कचरा. त्याने बापाचं ते सगळं बघणं काढून टाकलं. दार उघडलं, आत येऊ का, ये. बस! जसा काही पंखा दुरुस्त करायला माणूस आलाय. आई अवाक्षर बोलत नव्हती म्हणून पोपटाने आईलाही गाळली, पण शेवटच्या शॉटमध्ये तिचा हात राहून गेला, त्यामुळे मुलाच्या खांद्यावर कुठूनतरी एक सुटा हात येऊन पडला. दार उघडतंय म्हणजे काहीतरी आनंदाचं असणार असं समजून त्याने सनई-ढोलासारखं काहीतरी जोरात लावलं होतं. बाईंनी आधी खोकल्याचं सोंग केलं, मग रुमाल तोंडावर धरला, मग त्या उघड उघड हसल्या. मालकही हसले, कारण बाई हसल्या. मेहुणे म्हणाले, पण वेळ किती वाचला बघा.

मग मी. बाई म्हणाल्या, माझ्यासमोर करा, मला बघायचंय. अबोलचा करडा पडदा उघडला आणि माझी बोटं चालायला लागली. टोकं जुळवली, आईला तिची जागा दिली, बापाचा तो लांबलचक शॉट अख्खा ठेवला. सगळं मनासारखं झालं, आणि मी ऐटीत बाईंकडे वळून बघत बघत, न बघताच, एक शेवटचं बटण दाबलं. आता हे बटण म्हणजे आम्हा तिघांची जुनी खोड. जुन्या सॉफ्टवेअरवर त्याने काम जतन व्हायचं. कट केला की दाब, श्वास घेतला की दाब, चहा आला की दाब, इतकी ती सवय अंगात मुरलेली. पण अबोलमध्ये त्याच बटणाने दोन शेजारचे शॉट आपसात जागा बदलतात! मला ते प्रसंग सुरू झाल्यावर कळलं. दार उघडलं, आणि मुलगा काही विचारायच्या आतच बाप त्याच्याकडे बघायला लागला. मी थांबवायला हात पुढे केला, तर मास्तरांनी मागून येऊन माझ्या हातावर आपला पंजा ठेवला आणि दाबून धरला.

बाप बघतोय. बघतोय, बघतोय. आई रडतेय. आणि मग कुठे मुलगा विचारतो, आत येऊ का? आणि बाप त्याच क्षणी म्हणतो, ये. मामा, काय सांगू तुम्हाला! म्हाताऱ्याने पोराला विचारायच्या आधीच माफ करून टाकलं होतं. तो प्रश्न यायचीच काय ती वाट बघत होता. मी हा प्रसंग शंभर वेळा बघितला असेल, पण तेव्हा मला हुंदका आला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा काढला. मालक खिडकीबाहेर बघायला लागले, तिकडे नुसती भिंत आहे तरी. बाई म्हणाल्या, हे सुचलं कसं तुम्हाला? मी घसा साफ करून म्हणाले, अनुभव. (दुसरं काय सांगणार?) आणि मग मी मौन ह्या विषयावर असं काही बोलले की कासवाला मला बाही ओढून खाली बसवावं लागलं.

निकाल जागच्या जागी लागला. अबोल घ्यायचा, खोली आमची, आणि तपासनीस हे पद रद्द. मालकांनी मेहुण्यांना सांगितलं की दाराशी कुंड्या अडचण करतात, त्या पॅसेजमध्ये झेरॉक्स मशीनशेजारी नेऊन ठेवा आणि त्यांना पाणी घालायची जबाबदारीही घ्या. म्हणजे त्यांनाही एकदाचं पद मिळालं. त्यांनीच आमच्या खोलीचं दार उघडून धरलं ते तेव्हा. आत गेल्यावर मास्तर माझ्या कानाशी एवढंच म्हणाले, बोट चुकलं तुझं, पण योग्य जागी चुकलं. त्यांच्याकडून ह्याहून मोठी शाबासकी आजवर कोणाला मिळालेली नाही. मी घरी आले आणि ह्यांना सगळं सांगायला बसले. मामा, त्या दिवशी टाकी भरायची राहिली, पण ते उठले नाहीत.

तर अशी तुमची भाची. तुम्ही लहानपणी मला सगळ्यांसमोर म्हणायचात ना, की ही पोरगी भांडून जग जिंकेल? जग नाही, पण एक खोली जिंकली. तुमच्या गुडघ्यांमध्ये एकी नांदो आणि मामीला माझा नमस्कार.

तुमची, खोलीवाली भाची

ता. क. एक गोष्ट कुठे बोलू नका. खोली मिळाल्यावर आम्ही पहिलं काम काय केलं, तर अबोलची सगळी बटणं बदलून जुन्यासारखी करून घेतली. मग रंगही जुन्यासारखे केले. इतक्या परीक्षा घेऊन, सगळ्यात उत्तम म्हणून जे निवडलं, ते आता ओळखूच येत नाही. मास्तर काल मला म्हणाले, उगाच घाबरलो आपण, जुनं काही बंद झालेलं दिसत नाही.

ता. क. दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी मालिकेच्या सुरुवातीच्या भागांमधून त्या बाप-लेकाची गोष्ट नव्याने एडिट करून एक खास भाग मागितला आहे, त्यात सगळी मौनं परत हवीत. मी सगळ्यांसमोर म्हणाले, त्यात काय, होऊन जाईल. आता ते जुने भाग फक्त जुन्या सॉफ्टवेअरमध्येच उघडतात. अबोलला विचारलं, तो गप्प. आणि ते सॉफ्टवेअर असलेली जुनी यंत्रं? विजयाच्या भरात मी त्याच संध्याकाळी ती सगळी भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवली, वर टाळ्याही वाजवल्या. जुने भाग आता उघडत नाहीत हे मालकांना अजून माहीत नाही. मेहुण्यांना कसा कोण जाणे वास लागला आहे आणि ते कुंड्यांना पाणी घालता घालता म्हणत असतात की पोपटाला बहुतेक उघडता येतील. म्हणजे खोली पुन्हा टांगणीला!

ता. क. तेव्हा मुद्द्याचं सांगते. ज्या कॉम्प्युटरवर तुम्ही दिवसभर पत्ते खेळता, तो माझाच जुना. त्यातलं आमचं सॉफ्टवेअर पुसायचा मी कंटाळा केला होता, आणि तो अधूनमधून तुम्हाला 'नवीन करू का?' असं विचारतो त्याला तुम्ही हट्टाने आजवर 'नाही' म्हणत आलात. मामा, अख्ख्या जगात आमची खोली आता तुमच्या त्या हट्टावर उभी आहे! हे पत्र घेऊन आलेला माणूस आमचा ड्रायव्हर आहे. तुम्ही चष्मा लावून पत्र उघडलंत की आतल्या खोलीत जाऊन वायरी काढायला घे, असं मी त्याला सांगितलं आहे, आणि त्याला पुरेसा वेळ मिळावा म्हणून पत्र जरा सविस्तर लिहिलं. बदल्यात नवा कॉम्प्युटर पाठवला आहे. त्यात पत्ते नाहीत, पण पोपट आहे, मेहुण्यांनी आग्रहाने टाकून दिला. फुग्यांना घाबरू नका.

ता. क. त्या माणसावर ओरडू नका, आणि मामीला हाक मारून उपयोग नाही. मी तिला कालच फोन करून भीत भीत परवानगी विचारली. ती एवढंच म्हणाली, "कधी नेतेस?"